फादरांच्या कोटाची पाच बटणं

नॉकनाशी गावात मिस्साची पाळी असते. वर्षातून दोनदा, वसंतात एकदा आणि शरदात एकदा, फादर चर्च सोडून एकेका घरी येतात, स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या टेबलावर मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाची प्रार्थना, म्हणतात, आणि मग सगळं गाव तिथेच चहा पितं. घरं सतरा, म्हणजे एका घराची पाळी आठ-नऊ वर्षांनी येते. आता देवाला कोणाच्या घराच्या रंगाशी काही देणंघेणं नाही. पण कन्सेप्टा टायननला असतं. ती भिंतीवरून बोट फिरवून बघते, आणि बोटाला काय लागलं ते संध्याकाळपर्यंत गावभर होतं.

यंदा ऑक्टोबरची पाळी डिंफना किलबेनची होती, आणि वसंतातली पाळी नेमकी कन्सेप्टाकडे होऊन गेली होती. नशीब खोटं म्हणतात ते हेच.

त्यात फादरांचा कोट. फादर चिडोझी नायजेरियातून येऊन दोन वर्षं झाली. माणूस सोन्यासारखा, आवाज असा की शेवटच्या बाकावरचा झोपलेला शेतकरीही जागा व्हावा, पण थंडीपुढे बिचाऱ्याचं काही चालत नव्हतं. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक काळा, पायघोळ, पाच बटणांचा कोट घेतला, तो काही अंगावरून उतरला नाही. चार घरी मिस्सा झाली, चारही घरी फादरांनी गळ्यातला तो रेशमी पट्टा कोटावरूनच घातला. कन्सेप्टाने दोन विजेचे हीटर लावले, शिवाय फादर भाकर वर उचलतात तेव्हा वाजवायला कुठूनशी पितळी घंटा आणली. तिच्याकडे फादरांनी वरचं एक बटण काढलं. एक. त्या एका बटणाची गोष्ट कन्सेप्टाने दुकानात, टपालात, दोन मयतांत आणि एका बारशात सांगितली.

डिंफनाने ऐकून घेतलं आणि मनाशी ठरवलं की माझ्या घरी फादर कोट काढतील. अख्खा. काढून खुंटीला लावतील, आणि कन्सेप्टा ते उघड्या डोळ्यांनी बघेल. दुसऱ्या दिवशी ती तालुक्याला जाऊन पितळेची खुंटी घेऊन आली. शेगडी त्यानंतर आली. नवऱ्याने, जार्लथने, विचारलंसुद्धा की खुंटी आधी आणि ऊब मागून, हा कुठला क्रम? तर तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो गायी बघायला निघून गेला.

शेगडी मात्र देखणी होती. बिडाची, काळीभोर, पुढे काचेचं दार, मागे नळी, आणि वजन इतकं की चौघांना उचलेना. आजवर त्या घरात उघड्या चुलीत टर्फ, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती, जळायची, अर्धी ऊब धुराड्यातून ढगांना जायची. आता जुन्या चुलीच्या कोनाड्यात ही शेगडी बसणार, तिची नळी धुराड्यात जाणार, आणि घर तापणार. शेगडीबरोबर एक जाडजूड पुस्तिका होती आणि एका खोक्यात पांढऱ्या प्लास्टिकचा अलार्म होता.

जार्लथ हा जगातला एकमेव माणूस असावा जो असल्या पुस्तिका वाचतो. त्याने चष्मा लावून सगळी वाचली आणि रात्रीच्या जेवणाला बायकोला सांगितली. परवाना असलेल्या माणसाकडूनच बसवून घ्या. आधी धुराडं झाडून घ्या. आत नवी नळी शेवटपर्यंत घाला. शेगडीला श्वास घ्यायला भिंतीत झरोका हवा आणि तो कधीही बंद करू नका. अलार्म ठरल्या जागी लावा, कारण कोंडलेल्या आगीतून जो वायू निघतो त्याला ना वास ना रंग, माणूस झोपतो तो उठत नाही. तालुक्याला अट्रॅक्टा फीनी नावाची बाई हे काम करते, तिला बोलवू या, असं तो म्हणाला.

बोलावलंही असतं. पण तेवढ्यात दारात लार गॅव्हिगन उभा राहिला आणि म्हणाला, "शेगडी आलीय म्हणे. कधी बसवायची?"

इथे एक सांगायला हवं. नॉकनाशीत शेजाऱ्याला 'नको' म्हणायची पद्धत नाही. फार तर 'बघू' म्हणतात, आणि 'बघू'चा अर्थ लार 'हो' असा घेतो. गावातलं प्रत्येक फाटक, प्रत्येक नळ, प्रत्येक गळका पन्हाळ लारच्या हातून गेलेला. कन्सेप्टाकडचं न्हाणीघर त्यानेच केलं. तिथे गरम हवं असेल तर थंडाचा नळ सोडायचा, आणि घाईत असाल तर दोन्ही सोडून प्रार्थना करायची. पण लारला सोडून तालुक्याची परकी बाई बोलावली असती, तर ते लारच्या तोंडावर दार आपटण्यासारखं झालं असतं. पुढली वीस वर्षं तो रस्त्यात भेटला की हवापाण्याचं बोलला असता आणि त्यातून सगळं म्हणाला असता. डिंफना म्हणाली, "बघू." लारने पिशवी खाली ठेवली.

लारने कोनाड्यात डोकं घातलं आणि वर बघितलं. वर काळोख. जार्लथ म्हणाला, धुराडं साफ असेल तर वर थोडं आकाश दिसतं, असं पुस्तिकेत लिहिलंय. लारने डोकं बाहेर काढून त्याला विचारलं, "या गावात तुला आकाश कधी दिसलंय?"

शिवाय लारचं म्हणणं असं की जे धुराडं त्याच्या आजोबांच्या वेळेपासून धूर ओढतंय त्याला झाडूबिडू दाखवणं म्हणजे त्याचा अपमान. त्याने नळीचा हातभर तुकडा धुराड्यात खुपसला, भोवतीने दोरी आणि लेप भरला, आणि शेगडीत वर्तमानपत्राचा एक कागद पेटवून दाखवला. धूर जरा उभा राहिला, त्याने विचार केला, मग निम्मा वर गेला आणि निम्मा लारकडे आला. लार खोकत म्हणाला, नवी आहे, लाजतेय.

भिंतीतला झरोका मात्र त्याने पाडला, कबूल करायला हवं. लारला यंत्राने भोकं पाडायला मनापासून आवडतं. बशीएवढं भोक पाडलं, त्याला जाळी बसवली, आणि खूश होऊन आणखी एखादं पाडू का म्हणून विचारलं.

पहिल्याच वाऱ्याच्या दिवशी त्या झरोक्यातून असा बोचरा झोत आला की डिंफनाचा जीव वरखाली झाला. इथे फादरांचा कोट काढायचाय आणि आपण भिंतीला भोक पाडून थंडीला आमंत्रण दिलंय, हा कुठला शहाणपणा? तिने जार्लथची जुनी फुटबॉलची जर्सी शोधली, गुंडाळून भोकात कोंबली आणि वरून कॅलेंडर टांगलं. जार्लथला सांगितलं नाही. तसंही तो संघ कधी जिंकला नव्हता. पांढऱ्या प्लास्टिकचा अलार्म तिला डोळ्यासमोर नको होता, म्हणून तो खोक्यातच राहिला.

घरात तिसरं माणूस म्हणजे नॅन, जार्लथची आई. वय एक्क्याण्णव, कान तिखट, जीभ त्याहून. चर्चमध्ये नॅनचा 'आमेन' सगळ्यांच्या अर्धा श्वास आधी यायचा, इतका खणखणीत की फादर प्रार्थना संपवायच्या आधी तिच्याकडे एकदा बघून घ्यायचे. तिची खुर्ची शेगडीला खेटूनच होती. पहिले दोन दिवस तिने शेगडीची तारीफ केली. तिसऱ्या दिवसापासून तिचं डोकं दुखायला लागलं. दुपारभर ती पेंगायची, आणि संध्याकाळी दार उघडून गायींकडे जाऊन आली की हुशार व्हायची. कुत्रं तर आत यायलाच तयार नव्हतं, उंबऱ्यावर बसून शेगडीकडे संशयाने बघायचं.

डिंफनाने लारला विचारलं. लारने नाकाने हुंगून निदान केलं की हा नव्या रंगाचा वास, आणि त्यात म्हातारीला वारा लागतोय, तेव्हा खिडक्या घट्ट लावून घ्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय. डिंफनाने खिडक्या लावल्या.

तिला शंका आलीच नाही असं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर पुस्तिकेतलं ते वाक्य तिला आठवायचं. पण शनिवार चार दिवसांवर आला होता, केक व्हायचे होते, पडदे धुवायचे होते, आणि डोळे मिटले की तिला ती पितळेची खुंटी दिसायची, आणि खुंटीवर तो काळा कोट.

शनिवार उजाडला. डिंफनाने सहालाच शेगडी पेटवली, टर्फ ठासून भरलं. नऊ वाजता जार्लथला काय वाटलं कोण जाणे, त्याने अलार्मचं खोकं उघडलं, त्यात बॅटऱ्या घातल्या आणि टेबलामागच्या फळीवर ठेवला. डिंफनाने तो बघितला आणि फुलदाणीच्या मागे सरकवला. खाली टेबलावर पांढरीशुभ्र चादर, दोन मेणबत्त्या, क्रूस. अंड्याचे सँडविच ओल्या फडक्याखाली, सफरचंदाचा केक ओट्यावर. घर असं की कन्सेप्टाने सगळ्या भिंती बोटाने पुसल्या असत्या तरी बोट कोरं राहिलं असतं.

साडेदहापासून माणसं यायला लागली, तोवर मागचं दार सताड उघडं होतं आणि शेगडी नीट जळत होती. कन्सेप्टा आली, शेगडीकडे बघून "छान आहे हो, लहानशी" म्हणाली, आणि पुढच्या खुर्चीत बसली. लार शेगडीपाशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला, बसवली कोणी, ते सांगत होता. अकराला फादर आले. डिंफनाने दार लावून घेतलं, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून खाली घोंगडी सरकवली, शेगडीत टर्फचे आणखी चार तुकडे टाकले, आणि ते फार भराभर जळू नयेत म्हणून तिची हवा कमी केली. तेवीस माणसं, सगळ्या खिडक्या बंद.

फादरांनी कोटावरून पट्टा घातला आणि मिस्सा सुरू केली. पापांची कबुली झाली आणि फादरांनी वरचं बटण काढलं. डिंफनाने कन्सेप्टाकडे बघितलं. कन्सेप्टा क्रूसाकडे बघत होती. शुभवर्तमान वाचताना दुसरं बटण गेलं. प्रवचनात, देव उबदार हृदयात राहतो असं काहीसं सांगता सांगता, तिसरं. डिंफनाने त्या प्रवचनातला एक शब्द ऐकला नाही. तिचे डोळे फादरांच्या बोटांवर होते. खोली मस्त तापली होती. माणसं पेंगुळली होती, दोघंतिघं कपाळ चोळत होती, पण प्रवचनात हे चालायचंच, त्याचं कोणाला काय वाटणार. द्राक्षरस ओतायच्या आधी फादरांनी कपाळ पुसलं आणि चौथं बटण काढलं. राहिलं एक.

मग सगळे गुडघ्यांवर बसले. फादरांनी भाकर दोन्ही हातांनी वर उचलली. आणि नेमक्या त्या क्षणी, फुलांच्या मागून, पीप पीप पीप पीप.

सगळ्यांनी माना लववल्या. मागून कोणीतरी कौतुकाने कुजबुजलं की बघा, हिने विजेची घंटा आणलीय. कुजबुज पुढे सरकली. पितळी घंटेचा जमाना गेला म्हणे. डिंफनाने डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं तर कन्सेप्टाची मान कानापर्यंत लाल झाली होती. आता ती घंटा नाही हे खोलीत दोघांनाच कळण्यासारखं होतं, जार्लथला आणि डिंफनाला. जार्लथ दाराशी होता, त्याला कुजबुज ऐकू आली आणि हा अलार्म की खरंच बायकोने घंटा आणली, अशा घोळात तो पडला. राहिली डिंफना. आणि डिंफना मूग गिळून बसली.

बॅटरी नवी आहे, तिला वाटलं. बसेल गप्प. मेणबत्त्यांचा धूर असेल. उठून बंद करायचा तर फादरांच्या मागे जावं लागेल, भाकर वर उचललेली असताना, तेवीस माणसांदेखत. आणि एकच बटण राहिलंय.

पेला वर गेला. पीप पीप पीप पीप. माना खाली. फादरांनी पेला ठेवला, तरी पुन्हा पीप पीप पीप पीप. माणसांनी एकमेकांकडे बघितलं आणि पुन्हा माना लववल्या. घरच्या बाईने घंटा लावलीय म्हणजे काहीतरी नियम असेल. पुढची प्रार्थना सुरू झाली, घंटा थांबेना. मान खाली, मान वर, मान खाली. लारने तर प्रत्येक वेळी क्रूसाची खूण करायला सुरुवात केली आणि त्याचा हात भरून आला. फादर मात्र शांतपणे म्हणत राहिले. या देशात दोन वर्षांत त्यांनी इतक्या चमत्कारिक चालीरीती बघितल्या होत्या की का म्हणून विचारायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

आणि प्रार्थनेच्या शेवटाला येता येता फादरांचा हात कोटाकडे गेला. पाचव्या बटणावर त्यांचं बोट टेकलं. डिंफनाने श्वास रोखला. फादर म्हणाले, "युगानुयुगे."

"आमेन," सगळं घर म्हणालं.

सगळं घर एकदम म्हणालं. आधी कोणीच म्हणालं नाही. अर्धा श्वास आधी जो यायचा तो 'आमेन' आलाच नाही.

डिंफनाने मान वळवली. शेगडीला खेटलेल्या खुर्चीत नॅन बसली होती, हनुवटी छातीवर, हातातली जपमाळ जमिनीवर पडलेली. आणि त्या क्षणी डिंफनाला ती जर्सी, त्या खिडक्या, ते डोकं दुखणं, उंबऱ्यावरचं कुत्रं, सगळं एकदम आठवलं.

ती उभी राहिली. "ती घंटा नाही," ती म्हणाली. "फादर, थांबा. तो विषारी वायूचा अलार्म आहे. सगळे बाहेर व्हा."

कोणी हललं नाही. मिस्सा अर्धी झालेली, आणि नॉकनाशीत मिस्सातून पहिलं कोणी बाहेर पडायचं हा मोठा प्रश्न असतो. कन्सेप्टाने तर विचारलंच की भाकर घेण्याआधी उठलं तर ही मिस्सा धरतात की नाही. तेव्हा फादरांनी एका हाताने पेला उचलला, दुसऱ्या हाताने भाकरीची ताटली, आणि मागच्या बाकासाठी असतो त्या आवाजात सांगितलं, "बाहेर. देवसुद्धा बाहेर येतोय."

मग मात्र दाराशी रेटारेटी झाली. जार्लथने नॅनला खुर्चीसकट उचललं. कोणी खिडक्या उघडल्या. लार सगळ्यांच्या आधी अंगणात होता, आणि त्याच्या हातात सँडविचचं ताट होतं. ते कसं आलं हे त्यालाही सांगता येईना. डिंफना शेवटी बाहेर पडली. जाताना तिने कॅलेंडर ओरबाडलं आणि जर्सी भोकातून उपसून काढली, ती तिच्या हातातच राहिली.

बाहेर भुरभुर पाऊस. अंगणाच्या मधोमध खुर्ची, खुर्चीत नॅन, भोवती सगळं गाव. डिंफना चिखलात गुडघे टेकून नॅनचे हात चोळत होती आणि एकच बोलत होती, "भोक मी बुजवलं. मी बुजवलं ते." जार्लथने तिच्या हातातली जर्सी बघितली आणि हळूच काढून घेतली. आरडाओरडा केला असता तर तिला बरं वाटलं असतं.

फादरांनी पेला आणि ताटली कन्सेप्टाच्या हातात दिली. पाचवं बटण काढलं, अंगातून तो काळा कोट उतरवला आणि नॅनच्या खांद्यांभोवती गुंडाळून गळ्यापर्यंत बटणं लावली. पावसात ते पातळ शर्टावर उभे राहिले आणि थडथडत प्रार्थना म्हणायला लागले. कोट निघाला होता, सगळ्या गावादेखत, डिंफनाच्या अंगणात. डिंफनाचं तिकडे लक्षच नव्हतं.

गार हवा लागून नॅनच्या पापण्या हलल्या. एक डोळा उघडला. तिने फादरांकडे बघितलं, पावसाकडे बघितलं.

"आमेन," नॅन म्हणाली.

डिंफना तिच्या मांडीवर डोकं ठेवून हमसाहमशी रडली.

रुग्णवाहिका आली, नॅनला प्राणवायू लावला, रात्रभर दवाखान्यात ठेवलं. बाकीच्यांनाही तपासून सोडलं. राहिलेली मिस्सा गवताच्या खोपटात झाली आणि भाकर सगळ्यांना मिळाली, तेव्हा कन्सेप्टाचीही शंका फिटली. जाताना ती एवढंच म्हणाली की अंगणात काढलेला कोट काही घरात काढल्यात धरता येत नाही. एरवी डिंफनाने तिला उभी चिरली असती. त्या दिवशी ती फक्त हो म्हणाली. नॅन दुसऱ्या दिवशी घरी आली ती कोट घालूनच, आणि जार्लथने तो परत नेऊन द्यायचा म्हटल्यावर तीन दिवस रुसली.

सोमवारी अट्रॅक्टा फीनी आली. चणीने एवढीशी, पण लांब दांड्यांचा कुंचला आणि नळीवरचा कॅमेरा घेऊन आलेली. तिने शेगडी ओढून बाजूला केली, धुराड्यात कुंचला घातला, आणि वरून काटक्या पडायला लागल्या. पडतच राहिल्या. कावळ्यांनी वर्षानुवर्षं घरटी केलेली, एकावर एक, त्यातून धूर फटीफटीने वाट काढत होता. दोन पोती भरली. काटक्यांत मेंढीची लोकर होती, पाच-सहा चमचे होते, आणि लारची दोन वर्षांपूर्वी हरवलेली टोपी होती. लारने ती झटकून डोक्यावर घातली. मग म्हणाला, "मी म्हटलंच होतं, वर काहीतरी आहे."

अट्रॅक्टाने त्याच्याकडे वर मान करून बघितलं आणि त्याच्या हातात विजेरी दिली. दोन दिवस लार विजेरी धरून उभा राहिला, ती सांगेल तशी. तिने धुराड्यात तळापासून टोकापर्यंत नवी नळी घातली, वर कावळ्यांसाठी जाळी लावली. खाली दगडी फरशी पुढे वाढवली, म्हणजे निखारा पडला तरी लाकडी जमिनीवर पडू नये. नॅनची खुर्ची हात-दोन हात मागे नेली, नॅनची परवानगी न घेता. हे आजवर कोणी केलं नव्हतं. झरोका उघडा ठेवला, पण त्याच्या तोंडाशी असा आडोसा बसवला की वारा अंगावर न येता खालून यावा. अलार्म पुस्तिकेत सांगितलाय त्या उंचीवर, भिंतीला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. शेवटी धुराची कांडी पेटवून सगळा धूर वर जातो का बघितलं, आणि शेगडीशेजारी, ती बसवल्याच्या तारखेची पाटी ठोकली. जाताना तिने सांगितलं की वर्षातून एकदा धुराडं झाडायचं आणि आठवड्यातून एकदा अलार्मचं बटण दाबून बघायचं. डिंफना दिवसातून तीनदा दाबायची. कुत्रं आत आलं आणि शेगडीपुढे पाय ताणून झोपलं.

चार दिवसांनी लारने सगळ्यांना सांगून टाकलं की ही शेगडी त्याने आणि अट्रॅक्टाने मिळून बसवली. आणि कन्सेप्टाने, कोणाला कळणार नाही अशा बेताने, जार्लथकडून अट्रॅक्टाचा नंबर घेतला.

नोव्हेंबरात एका दुपारी फादर नॅनची विचारपूस करायला आले. डिंफनाने चहा ठेवला, मनुकांचा पाव कापला. शेगडी मंद जळत होती. फादर गावाकडच्या आईची गोष्ट सांगत होते, नॅन मध्येमध्ये त्यांना दुरुस्त करत होती. डिंफनाचं अर्धं लक्ष भिंतीकडे. अलार्मवर एक हिरवा ठिपका असतो, सगळं ठीक आहे म्हणून मिनिटाला एकदा लुकलुकतो. ती तो मोजत होती. लुकलुकला. पुन्हा लुकलुकला. खिडकीही तिने बोटभर उघडी ठेवली होती, कोणी काही म्हणो. दीड तास झाला, पावाचे चार काप गेले, फादर उठले, नॅनला आशीर्वाद दिला, आणि घाईघाईने गाडीकडे गेले. गाडी फाटकातून वळली.

डिंफना कप उचलायला परत आली आणि मध्येच थांबली. पितळेच्या खुंटीवर काळा कोट लटकत होता.

"नॅन," ती म्हणाली, "यांनी कोट कधी काढला?"

"आल्या आल्या," नॅन म्हणाली. "पाचही बटणं. तू त्या हिरव्या दिव्याकडे बघत होतीस."

डिंफना कप हातात घेऊन उभी राहिली. वसंतापासून ज्याची वाट बघितली ते तिच्या डोळ्यांदेखत दीड तास तिच्या स्वयंपाकघरात बसून पाव खाऊन गेलं होतं, बघायला कन्सेप्टा नव्हती, आणि खुद्द तीही नव्हती. तिने गाडीमागे धावायला म्हणून कोट खुंटीवरून काढला.

"राहू दे," नॅन म्हणाली. "गारठला की येईल परत. तोवर दे इकडे."

डिंफनाने कोट तिच्या अंगावर घातला, पाचही बटणं लावली, आणि जाता जाता भिंतीकडे एकदा बघून घेतलं.